जिफचं पेटंट आणि पीएनजीचे दोन महिने: एक प्रकरण अभ्यास

जिफ हा संगणकावरच्या चित्रांचा प्रकार एका पेटंटात अडकला आणि त्याला पर्याय म्हणून पीएनजी हा दुसरा प्रकार उभा राहिला, त्याची ही गोष्ट. या प्रकरणातल्या कंपन्या, तारखा आणि पेटंटचे कागद सगळे उघड आहेत, म्हणून ते जसेच्या तसे ठेवले आहेत. चर्चेत उतरलेली बहुतेक माणसं मात्र इथे बिननावाची आहेत. मला रस आहे तो त्यांच्यासमोर आलेल्या पेचांत, आणि त्यातला एक पेच तर तीस वर्षं सुटला नाही.

पार्श्वभूमी

१९८७ साली घरून मोडेम लावून ऑनलाइन जायचं म्हणजे रिक्षाचा मीटर टाकून बसण्यासारखं होतं. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबसची कॉम्प्युसर्व्ह ही कंपनी अशी सेवा तासाच्या दराने विकायची. चित्र उतरायला जितकी मिनिटं, तितके पैसे. त्यामुळे चित्राची फाइल लहान असणं हा गिऱ्हाइकाच्या खिशाचा प्रश्न होता. त्या वर्षी १५ जूनला कंपनीने जिफ हा चित्रप्रकार बाहेर काढला. तो स्टीव्ह विल्हाइट यांच्या हाताखालच्या गटाने बनवला होता. एका चित्रात जास्तीत जास्त २५६ रंग, आणि फाइल आवळण्यासाठी एलझेडडब्ल्यू नावाची पद्धत. कंपनीने तपशील छापून दिला आणि पैसे न घेता कोणालाही वापरायची मुभा दिली.

एलझेडडब्ल्यू काय करते ते एका ओळीवर बघता येतं. समजा चित्रात एकाच रंगाचे सहा ठिपके लागोपाठ आहेत: क क क क क क. पद्धत आधी एकटा ‘क’ लिहिते आणि ‘कक’ या जोडीला एक नवा क्रमांक देऊन ठेवते. पुढचे दोन ठिपके त्या एका क्रमांकात उरकतात, आणि लगेच ‘ककक’ला आणखी एक क्रमांक मिळतो. उरलेले तीन ठिपके त्यात बसतात. सहाचं काम तीन आकड्यांत झालं. यातली खुबी अशी की हा क्रमांकांचा तक्ता फाइलसोबत पाठवावा लागतच नाही. वाचणारा प्रोग्राम वाचता वाचता तोच तक्ता स्वतः बांधत जातो. भजनात बुवांनी ओळ उचलली की टाळकऱ्यांना पुढचं सांगावं लागत नाही, तसं काहीसं.

या पद्धतीचं मूळ हैफाच्या टेक्निऑनमधल्या झिव्ह आणि लेम्पेल या दोन प्राध्यापकांच्या १९७८ च्या शोधात आहे. स्पेरी कंपनीच्या टेरी वेल्च यांनी ती सुधारून जलद केली आणि जून १९८४ मध्ये संगणकशास्त्राच्या एका मान्यवर मासिकात तिच्यावर लेख लिहिला. लेख इतका सोपा होता की वाचणाऱ्याला आठवडाभरात प्रोग्राम लिहिता यावा. कित्येकांनी तो लिहिलाही. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवरचा फाइल आवळणारा ‘कॉम्प्रेस’ प्रोग्राम त्यातूनच निघाला. लेखात एक गोष्ट नव्हती: वर्षभर आधी, २० जून १९८३ ला, या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज गेलेला आहे, ही. पेटंट १० डिसेंबर १९८५ ला मंजूर झालं. पुढच्या वर्षी स्पेरी आणि बरोज या कंपन्या एक होऊन युनिसिस झाली आणि हे पेटंट तिच्या कपाटात गेलं.

जाता जाता एक गंमत. याच पद्धतीवर आयबीएमनेही वेल्च यांच्या तीन आठवडे आधी अर्ज केला होता, आणि १९८९ मध्ये अमेरिकी पेटंट कार्यालयाने तोही मंजूर केला. एकाच प्लॉटचे दोन सातबारे निघाले म्हणायचे.

जिफ घराघरात

१९९३ मध्ये मोझेक ब्राउझर आला आणि मजकुराच्या मधोमध चित्र दिसू लागलं. ते चित्र बहुतेक वेळा जिफ असे. गोळे, बाण, रेघा, कंपनीचं बोधचिन्ह, ‘काम चालू आहे’ची पाटी, सगळं जिफ. मराठी वाचकाला हा मामला परका वाटायचं कारण नाही. भारतात १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने इंटरनेट सर्वांसाठी खुलं केल्यावर जी पहिली मराठी पानं निघाली, त्यांच्यापुढे अडचण होती ती फॉन्टची. वाचणाऱ्याच्या यंत्रावर आपला फॉन्ट असेलच याचा भरवसा नाही. मग सरळ मार्ग म्हणजे मथळा टाइप करायचा, त्याचं चित्र काढायचं आणि जिफ म्हणून पानावर चिकटवायचं. ‘मुखपृष्ठ’, ‘संपर्क’, ‘दिवाळी अंक’ ही बटणं म्हणजे अक्षरांची चित्रंच होती. शोधता येत नसत, निवडता येत नसत, पण दिसत तरी होती.

अडचण

युनिसिसच्या लक्षात १९९३ च्या सुमारास आलं की जिफच्या पोटात आपलं पेटंट आहे. कॉम्प्युसर्व्हशी बोलणी सुरू झाली. १९९४ च्या जूनमध्ये करारही झाला, पण बाहेर कोणाला कळलं नाही. २८ डिसेंबर १९९४ ला, नाताळ आणि नववर्षाच्या मधल्या सुस्त आठवड्यात, घोषणा आली: जिफ वाचणारं किंवा लिहिणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी आता परवाना घ्यावा.

संताप उसळला. पैशांचा आकडा हे त्याचं एकच कारण होतं, आणि माझ्या मते दुय्यम. मोठ्या कंपन्यांना प्रत्येक प्रतीमागे काही सेंट देणं जड नव्हतं. अडचण झाली ती सॉफ्टवेअर फुकट वाटणाऱ्यांची. ज्याला आपल्या प्रोग्रामच्या किती प्रती झाल्या हेच ठाऊक नाही, ठाऊक करून घ्यायची इच्छाही नाही, त्याने प्रतीमागे पैसे मोजायचे तरी कसे? वर ज्या परवान्यात ‘ज्याला मिळेल त्याने बिनशर्त पुढे वाटावं’ असं लिहिलेलं आहे, त्यात ‘युनिसिसला पैसे भरून’ ही पाचर बसतच नाही. ‘ओपन सोर्स’ हा शब्दही तेव्हा जन्मला नव्हता, तो १९९८ चा. पण या कामात मुरलेल्यांना फास कुठे बसतोय ते नेमकं कळलं.

जानेवारीत युनिसिसने थोडी माघार घेतली. नफ्यासाठी नसलेल्या सॉफ्टवेअरकडून आम्ही शुल्क मागणार नाही, असं म्हटलं. हे ऐकून काही जण शांत झाले. बाकीच्यांचं म्हणणं असं की आज मागत नाही म्हणणारा उद्या मागू शकतो. १९९९ मध्ये त्यांचंच खरं ठरलं, ते पुढे येईल.

समोरचे पर्याय

पहिला, परवाना घेऊन मोकळं व्हायचं. विकत सॉफ्टवेअर करणाऱ्या बहुतेकांनी शेवटी हेच केलं.

दुसरा, जिफ ठेवायचा पण आवळायचा नाही. जिफ वाचणारा प्रोग्राम तक्ता कधीही पुसायची सूचना पाळतो. लिहिणाऱ्याने ती सूचना सतत देत राहिलं तर लांब क्रमांक तयारच होत नाहीत, प्रत्येक ठिपका सुटा लिहिला जातो, आणि तरी फाइल वैध जिफ राहते. यावर एक मोकळी लायब्ररीही, म्हणजे कोणालाही आपल्या प्रोग्राममध्ये घालता येईल असं तयार कोड, निघाली. फाइल मात्र फुगते. मोडेमच्या जमान्यात ही पळवाट म्हणजे भुकेल्याला दगड.

तिसरा, जेपेग. १९९२ पासून तो प्रमाणित होता आणि फोटोंसाठी उत्तमच. पण तो थोडा तपशील गाळून आवळतो. ठसठशीत अक्षर किंवा रेघेचं चित्र जेपेग केलं की कडेला धुरकट डाग पडतात. मराठी मथळ्यांचं काय झालं असतं ते सांगायला नको. मात्रा आणि अनुस्वार आधी गेले असते.

चौथा, जिफचं आतलं यंत्र तेवढं बदलायचं. कॉम्प्युसर्व्हच्या मनात सुधारित जिफ होताच. पण नाव तेच आणि आत वेगळं, म्हणजे जुन्या ब्राउझरना फाइल उघडणार नाही आणि का उघडत नाही हे लोकांना समजणार नाही.

पाचवा, सगळं नव्याने करायचं.

या पाचव्याकडे वळण्याआधी एक पूर्वइतिहास सांगायला हवा, कारण चर्चेतल्या जाणत्यांना तो पाठ होता. युनिक्सवरचा ‘कॉम्प्रेस’ याच पेटंटमुळे मोकळं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ग्नू प्रकल्पाला चालत नव्हता. त्याला पर्याय म्हणून १९९२ मध्ये जीझिप आला. त्याच्या कर्त्यांनी आवळण्याच्या क्षेत्रातली पेटंटं खणून काढली होती आणि त्यांना चुकवत जाणारी वाट निवडली होती: डिफ्लेट, म्हणजे फिल कॅट्झ यांच्या झिपमधली पद्धत. थोडक्यात, हीच परीक्षा एकदा होऊन गेली होती आणि उत्तरपत्रिका हाताशी होती.

पहिला निर्णय: कोणाचीही वाट न बघणं

४ जानेवारी १९९५ ला, घोषणेला आठवडा होतो न होतो तोच, थॉमस बूटेल यांनी युजनेट या ऑनलाइन चर्चाजाळ्यावरच्या चित्र आणि कॉम्प्रेशनविषयक गटांत एक कच्चा मसुदा टाकला. बूटेल यांचा स्वतःचा जीव यात अडकला होता. सर्व्हरवर जागच्या जागी आलेख काढून जिफ बनवणारी जीडी ही फुकट लायब्ररी त्यांचीच. मसुद्यात फार काही नव्हतं. पण समोर कागद असला की लोक त्याच्यावर भांडतात, कागद नसला की एकमेकांशी भांडतात. आठवड्याच्या आत डिफ्लेट, पूर्ण रंग, फाइलच्या प्रत्येक तुकड्याची तपासबेरीज (वाटेत आकडे बिघडले तर कळावं म्हणून) असे मुख्य मुद्दे पुढे आले आणि नावही ठरलं: पीएनजी, उच्चार ‘पिंग’. ‘पिंग इज नॉट जिफ’ असा त्याचा खाजगीतला विग्रह. उच्चार तपशिलात छापून दिलेला असूनही जगात तो बहुतेकांनी मानला नाही. आपल्याकडेही सगळे ‘पीएनजी’च म्हणतात.

कंपनी नाही, समिती नाही, बैठक नाही. फेब्रुवारीत खुद्द कॉम्प्युसर्व्हने आपला सुधारित जिफ बाजूला ठेवून या कामाला पाठिंबा दिला. मार्चच्या सुरुवातीला नववा मसुदा आला आणि रचना गोठवली. दोन महिने. सरकारी निविदेची मुदतवाढ याहून लांब असते.

दुसरा निर्णय: आठ आकडे

या लोकांच्या कामाची पद्धत बघायची तर फाइलची पहिली आठ बाइट्स, म्हणजे पहिले आठ आकडे, बघावीत. प्रत्येक पीएनजी फाइल या आकड्यांनी सुरू होते: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०.

मधले ८०, ७८, ७१ म्हणजे प्रकाराच्या नावाची तीन इंग्रजी अक्षरं. बाकीचे पाच आकडे हे पाच पहारेकरी आहेत. १३७ हा १२७ पेक्षा मोठा. सात बिटांच्या जुन्या मार्गाने फाइल गेली आणि आठवा बिट कापला गेला, तर हा आकडा बदलतो आणि चोरी उघड होते. १३ आणि १० ही ओळ संपल्याची डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममधली जोडखूण. फाइल चुकून ‘मजकूर’ म्हणून पाठवली तर मधलं यंत्र ही जोडी बदलून टाकतं, की पकडलं. २६ म्हणजे डॉसमधला फाइल-समाप्तीचा आकडा. कोणी फाइल पडद्यावर नुसती छापायला गेलं तर तिथेच थांबतं, पडदाभर कचरा ओतला जात नाही. शेवटचा एकटा १० उलट दिशेच्या बदलासाठी, म्हणजे युनिक्सच्या एका खुणेची डॉसची दोन करणाऱ्या यंत्रासाठी.

आज हे वाचताना अतिकाळजी वाटेल. पण त्या काळी एफटीपी या फाइल पाठवण्याच्या सोयीने ‘बायनरी’ (मजकूर नव्हे, जशीच्या तशी) न म्हणता फाइल ओढली की अर्ध्या तासाची मेहनत आणि फोनचं बिल पाण्यात, हे ज्याने भोगलंय त्याला या आठ आकड्यांचं मोल कळतं. मी भोगलंय.

आणखी एक बारकावा, कारण तो पुढे कामाला येतो. फाइलच्या आत नाव दिलेले तुकडे असतात. तुकड्याच्या नावाचं पहिलं इंग्रजी अक्षर मोठं असेल तर तो समजल्याशिवाय चित्र दाखवता येत नाही. छोटं असेल तर न समजणाऱ्या प्रोग्रामने तो ओलांडून पुढे जावं. उद्या काय लागेल ते आज माहीत नाही, याची ही आधीच करून ठेवलेली सोय.

तिसरा निर्णय: एक फाइल, एक चित्र

सगळ्या प्रकरणाचा कणा हा आहे.

जिफमध्ये एकापाठोपाठ एक अशी अनेक चित्रं एका फाइलमध्ये ठेवता येत होती. १९८९ च्या सुधारित आवृत्तीत दोन चित्रांमध्ये किती वेळ थांबायचं हेही लिहिता येत होतं. नव्या प्रकारात हे घ्यायचं का? विरोधात मुद्दे भक्कम होते. जवळपास कोणी ही सोय वापरत नव्हतं. जो प्रोग्राम एकच चित्र अपेक्षितो त्याने दहा चित्रांच्या फाइलचं काय करायचं, हे जिफमध्येही धड ठरलेलं नव्हतं. आणि मुख्य म्हणजे हलत्या चित्रांचे नियम ठरवायला बसलं तर मार्चचा सप्टेंबर होणार. ठरलं की एका फाइलमध्ये एकच चित्र, हलत्या चित्रांसाठी नंतर वेगळा भाऊबंद प्रकार करू.

त्या मार्चमध्ये हातात जे होतं त्यावरून हा निर्णय बरोबर होता असं माझं मत आहे. पण सप्टेंबर १९९५ मध्ये नेटस्केप २.० या ब्राउझरच्या चाचणी आवृत्तीत जिफमधली चित्रं फिरती ठेवायची, म्हणजे संपली की पुन्हा पहिल्यापासून दाखवायची, सोय आली. बघता बघता वेबवर गरगरणारे गोळे, ढांगा टाकणारी पत्रपेटी, खोदकाम करणारा मजूर असं सगळं नाचू लागलं. ज्या सोयीला मार्चमध्ये कोणी विचारत नव्हतं, तिच्यासाठीच वर्षभरात लोक जिफ वापरू लागले. सहा महिन्यांचं अंतर. तोवर पीएनजी गोठून बसला होता.

पुढे काय झालं

कागदावर सगळं झकास चाललं. १ ऑक्टोबर १९९६ ला पीएनजी ही डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची शिफारस झाली, तिची पहिलीच. वाचण्या-लिहिण्याची लिबपीएनजी आणि आवळण्याची झेडलिब या लायब्ररी फुकट, आणि विकत सॉफ्टवेअरमध्येही बिनदिक्कत घालता येतील अशा परवान्याच्या. हा परवानाही विचारपूर्वक निवडलेला. हेतू हा की कोणत्याही कंपनीला ‘आम्ही पीएनजी का देत नाही’ याचं कारण उरू नये.

कारण उरलं नाही, आळस उरला. पीएनजीतली सगळ्यात सुंदर गोष्ट म्हणजे अंशतः पारदर्शकता: सावली खरोखर सावलीसारखी विरळ होत जाते. इंटरनेट एक्स्प्लोरर ४ पासून पीएनजी दिसू लागला, पण ही विरळ पारदर्शकता त्या ब्राउझरमध्ये धड आली ती सातव्या आवृत्तीत, २००६ मध्ये. मधली वर्षं वेब करणाऱ्या प्रत्येकाने एक करडा चौकोन पाहिलाय. गोल बोधचिन्ह मोठ्या हौसेने पीएनजी करायचं, ग्राहकाच्या यंत्रावर उघडायचं, आणि भोवती सिमेंटच्या रंगाचा डबा. मग निमूटपणे जिफ.

तेवढ्यात १९९९ उजाडलं. ऑगस्टमध्ये बातमी पसरली की युनिसिस आता वेबसाइटवाल्यांकडूनही पैसे मागते, पाच हजार डॉलर आणि वर. मूळ म्हणणं असं होतं की ज्या सॉफ्टवेअरने जिफ बनवला त्याचा परवाना नसेल, तर वेबसाइटने तो घ्यावा. परवानाधारक सॉफ्टवेअरने केलेल्या जिफला वेगळे पैसे नव्हते. बातमी तोंडातोंडी फिरताना ही अट गळून पडली आणि ‘पानावर जिफ ठेवला की पाच हजार डॉलर’ एवढंच राहिलं. तंत्रज्ञानाच्या बातम्या तासातासाला बदलू लागल्याचे ते पहिले दिवस. दुरुस्ती मागून आलीही, पण ती वाचायला कोण थांबतंय. ५ नोव्हेंबर १९९९ ला ‘सगळे जिफ जाळा’ दिवस साजरा झाला.

याचा झटका आपल्याकडेही बसला. पेटंट अमेरिका, कॅनडा, जपान आणि युरोपातल्या चार देशांत होतं, त्या यादीत भारत नव्हता. म्हणजे कायद्याने पुण्यात किंवा पणजीत बसून जिफ लिहायला काहीच हरकत नव्हती. पण आपण वापरत होतो ती लायब्ररी अमेरिकेतली. बूटेल यांनी त्याच वर्षी जीडीमधून जिफ काढून टाकला आणि पीएनजी बसवला. मी तेव्हा एका छोट्या कार्यालयात पीएचपी या वेबच्या प्रोग्रामिंग भाषेत विक्रीचे आलेख काढून देत होतो. सर्व्हरची नवी आवृत्ती चढली आणि सोमवारी सकाळी सगळे आलेख गायब. जिफ बनवणारं फंक्शन सापडत नाही, असा निरोप. दोन तास मी माझ्याच कोडमध्ये चूक शोधत होतो. पेटंटमुळे फंक्शन नाहीसं होऊ शकतं हे डोक्यातच आलं नाही. शेवटी फंक्शनच्या नावातली तीन अक्षरं बदलली आणि काम झालं. साहेबांना कारण सांगितलं तर ते म्हणाले, “अहो, चित्राचं कसलं पेटंट?” मला उत्तर देता आलं नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

वेल्च यांचा लेख छापताना ‘या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केलेला आहे’ एवढी एक ओळ मासिकाने मागितली असती, तर कॉम्प्युसर्व्हने बहुधा दुसरी पद्धत निवडली असती. कॉम्प्युसर्व्हनेही १९८७ मध्ये पेटंटांची चौकशी करायला हवी होती, आणि करार झाल्यावर सहा महिने गप्प बसायला नको होतं. त्या सहा महिन्यांत किती जणांनी नव्याने जिफ लिहिणारे प्रोग्राम केले असतील.

युनिसिसबद्दल लोक अजून दात-ओठ खातात. पेटंटाचे पैसे मागणं हा तिचा हक्क होता, त्यावर माझा आक्षेप नाही. तिचं चुकलं ते शब्द फिरवण्यात. फुकट सॉफ्टवेअरला सवलत द्यायची तर ती परवान्यात लिहून द्यायची होती. तोंडी सवलतीवर कोणी दहा वर्षांचं काम उभं करत नाही.

पीएनजीवाल्यांबद्दल नेहमीचा आरोप असा की त्यांनी हलतं चित्र गाळलं. मी तो मानत नाही. त्यांची खरी चूक पुढची आहे. ठरल्याप्रमाणे १९९६ मध्ये हलत्या चित्रांसाठी एमएनजी या भावंडावर काम सुरू झालं, आणि तिथे हे लोक आपलाच धडा विसरले. गाळायचं काय हे विचारणारा गट आता घालायचं काय हे विचारू लागला. वस्तू साठवणं, त्या हलवणं, फेऱ्यांच्या आत फेऱ्या, आत जेपेगसुद्धा. तपशिलाची पहिली पूर्ण आवृत्ती निघायला २००१ उजाडलं. लोकांना हवा होता गरगरणारा गोळा, आणि हाती आलं अख्खं नाटक बसवायचं सामान. मोझिला या ब्राउझर प्रकल्पाने एमएनजीची सोय काही काळ ठेवली आणि २००३ मध्ये काढून टाकली. एवढं वजन कोणासाठी वाहायचं, हा प्रश्न होता. १९९५ च्या शरदातच तीन छोटे, ऐच्छिक तुकडे जोडले असते, तर? सोय तर होती. छोट्या अक्षराने सुरू होणारा तुकडा, जुन्या प्रोग्रामने ओलांडावा आणि फक्त पहिलं चित्र दाखवावं.

नेमकं हेच २००४ मध्ये मोझिलाच्या दोघा अभियंत्यांनी सुचवलं. एपीएनजी त्याचं नाव. एप्रिल २००७ मध्ये पीएनजी गटाने ते नाकारलं. मुद्दा तोच, बारा वर्षं जुना: एक फाइल, एक चित्र. मार्च १९९५ मध्ये वेळ वाचवण्यासाठी घेतलेला निर्णय आता तत्त्व झाला होता. फायरफॉक्सने पुढच्या वर्षी नकार बाजूला ठेवून एपीएनजी दाखवायला सुरुवात केली. सफारीत तो २०१४ मध्ये आला आणि क्रोममध्ये २०१७ मध्ये.

शेवट

अमेरिकेतलं युनिसिसचं पेटंट २० जून २००३ ला संपलं, युरोप, जपान आणि कॅनडातली पुढच्या वर्षी. जुलै २००४ मध्ये जीडीमध्ये जिफ परत आला. आज स्थिर चित्रांत पीएनजीने जिफला कधीच मागे टाकलंय. हलत्या चित्रांचं नाव मात्र अजून जिफच आहे, आत काहीही असो. घरच्या ग्रुपवर सकाळी येणारी ‘शुभ सकाळ’ची डोलणारी फुलं व्हॉट्सअॅप मुळात व्हिडिओ म्हणून पाठवतं, आणि आत्या त्याला जिफ म्हणतात.

जून २०२५ मध्ये डब्ल्यूथ्रीसीने पीएनजीच्या तपशिलाची तिसरी आवृत्ती प्रसिद्ध केली. २००७ मध्ये नाकारलेले एपीएनजीचे तीन तुकडे आता तिच्यात आहेत, तिघांचीही नावं छोट्या अक्षराने सुरू होणारी. सुरुवातीची आठ बाइट्स आहेत तीच आहेत.